चित्रकलेचा तास परभणीपर्यंत कसा आला

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा गणिताच्या बाई, स्नेहसंमेलन आणि सहल हे विषय आधीच वाटले गेले होते. मग मी चित्रकलेचा तास मागून घेतला. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा जोडतास असायचा, तो. वीसेक वर्षे संगणकापुढे बसलेल्या बाईला चित्रकलेवर लिहिण्याचा काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार नाही, थोडे देणे आहे. ते काय, हे शेवटी सांगते. आधी तो तास आपल्या बाकापर्यंत कुठून आला ते सांगायचे आहे. हे शोधण्यात माझे बरेच रविवार गेले.

आठवीत सरांनी पहिल्यांदा ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी एकच चित्र काढले होते. आठवते ना? दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, त्यातून निघालेली आणि खाली येत रुंद होणारी नदी, काठावर लाल कौलांचे घर, शेजारी वाकलेले नारळाचे झाड आणि आकाशात चार आकड्यासारखे पक्षी. सर बाकांमधून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “यातला डोंगर कुणी बघितलाय?” जिंतूरकडच्या एका मुलाने हात वर केला. “बरं. आणि नारळाचं झाड?” वर्गात कोणीच बोलेना. आपल्याला नारळ ठाऊक होता तो देवापुढे फोडण्यापुरता. सर हसले, रागावले नाहीत. “मग जे बघितलंय ते काढू,” एवढेच म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी आपल्याला शाळेमागच्या कुंपणापलीकडे नेले. समोर काय होते? काहीच नव्हते, असे तेव्हा वाटले. सपाट रान, कापूस निघून गेलेले काळे वावर, एका धुऱ्यावर तीन बाभळी, लांब कुणाच्या तरी आखाड्यावर कडब्याची गंजी, आणि बाकी सगळे आभाळ. “यात काढायचं काय, सर?” असे आपल्यापैकीच कोणीतरी विचारले. सर म्हणाले, “आभाळ आधी काढ. मग बघू काय उरतं ते.”

त्या दिवशीचा धडा मला अजून पाठ आहे. तो इथे क्रमाने लिहून ठेवते, कारण तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. कागद बोर्डावर चारही बाजूंनी पक्का करायचा. क्षितिजाची एकच रेघ, तीही कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागात, शिसपेन न दाबता. आपला मुलूख सपाट, म्हणून आभाळाला जागा जास्त. मग मोठ्या ब्रशने नुसते स्वच्छ पाणी रेघेपर्यंत फिरवायचे. बोर्डाखाली डस्टर ठेवून त्याला उतार द्यायचा. वर निळा भरपूर, खाली उतरताना त्यात पाणी वाढवत न्यायचे, आणि क्षितिजाशी पोचता पोचता पिवळ्या मातीच्या रंगाचा नुसता स्पर्श. ओघळ खाली उतरू द्यायचा, ब्रश मागे न्यायचा नाही. कागद किंचित ओलसर असतानाच लांबच्या झाडांची पट्टी निळसर करड्या रंगात ठेवायची. तिची कड आपोआप धूसर होते आणि झाडे लांब जातात. मग थांबायचे. पूर्ण वाळल्यावर जवळचे रान, आणि सगळ्यांत शेवटी बाभळी, कोरड्या ब्रशने.

आणि मुख्य सूचना: रंगाच्या डबीतली काळी वडी काढून खिशात ठेवा. काळी जमीन काढायची आणि काळा रंग वापरायचा नाही! आपण सगळे हसलो होतो. सरांनी तपकिरी बर्न्ट सायनात अल्ट्रामरीन निळा मिसळून दाखवला. जो रंग झाला तो काळा होता, पण मेलेला नव्हता. त्यात तांबूसपणाही होता आणि सावलीत निळी झाकही. नांगरलेल्या आपल्या रानाकडे सकाळी पाहिले तर तसेच दिसते. पांढरी वडी तर डबीत असूनही निरुपयोगीच. पांढरे हवे तिथे कागद सोडून द्यायचा. आखाड्याची चुन्याची भिंत कोणीही काढली नव्हती. ती सगळ्यांनी फक्त राखली होती.

एक गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. जलरंगाची पुस्तके ‘वाट पाहा, वाळू द्या’ असे बजावतात, आणि आपले सर ‘चल, आवर लवकर’ म्हणायचे. त्याचे कारण आपली हवा. ती पुस्तके इंग्लंडच्या दमट हवेत लिहिलेली. परभणीत मार्चच्या सकाळी दहानंतर आभाळाचा थर ब्रश खाली येईपर्यंत वरून वाळतो आणि मधे रेघ पडते. म्हणून सर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर चिकटवायला लावत आणि बाहेरचे चित्र साडेसात-आठलाच सुरू करत. श्रावणात उलटी तऱ्हा, दोन तासांत आभाळ वाळतच नसे. तंत्र परदेशातून आले होते, पण घड्याळ सरांनी इथले लावले होते.

आता ते दोन डोंगर कुठून आले याकडे वळते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये छायाचित्रण नव्हते, त्यामुळे मुलूख कागदावर उतरवणे ही सैन्याची गरज होती. पॉल सँडबी हा नामांकित जलरंगचित्रकार १७६८ पासून वुलिचच्या सैनिकी अकादमीत मुख्य चित्रकला शिक्षक होता. भावी तोफखाना अधिकाऱ्यांना तो टेकड्या, नद्या आणि वाटा रेखाटायला शिकवी. १७८० च्या सुमारास लंडनच्या रीव्ज बंधूंनी पाण्यात सहज विरघळणाऱ्या रंगाच्या वड्या बाजारात आणल्या. तोवर रंग स्वतः कुटून, डिंकात खलून करावा लागे. आता तो खिशात घालून प्रवासाला नेता येऊ लागला. आणि १७८२ मध्ये विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने वाय नदीच्या प्रवासावर एक पुस्तक लिहून सुंदर देखावा कसा पाहावा याचे नियमच घालून दिले. पुढची बाजू, मधली आणि लांबची असे देखाव्याचे भाग असावेत. दोन्ही बाजूंना पडद्यासारख्या उतरत्या टेकड्या असाव्यात. मधून नदी वळत जावी. हे वाचताना मला आपली आठवीची वही डोळ्यांपुढे आली. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थानभर हिंडून १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ हा १४४ चित्रांचा संग्रह काढला. त्यातून इथला मुलूखही जगाने बराचसा याच चौकटीतून पाहिला. तीच चौकट पुढे चित्रवह्यांतून आणि कॅलेंडरांतून झिजत झिजत आपल्यापर्यंत आली, वाटेत तिला कोकणातला नारळ चिकटला, असे माझे मत झाले आहे.

पण मराठी माणूस हे तंत्र कधी शिकला? याचे उत्तर मला सापडले तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. १७९० च्या दशकात त्याच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांच्या पाठिंब्याने शनिवारवाड्यात चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे प्रसिद्ध तैलचित्र त्याचेच. त्या वर्गातला नाव राखून गेलेला विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. भांडी घडवणाऱ्या घरातला हा माणूस कागद, शाई आणि पाण्यात मिसळलेला रंग घेऊन वेरूळला गेला आणि लेण्यांची चित्रे करून आला. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचे हे तंत्र मराठी हाताने वापरल्याची जी अगदी सुरुवातीची उदाहरणे आज दिसतात, त्यात आपल्या मराठवाड्यातले वेरूळ आहे. त्याची चित्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत आणि संग्रहालयाने ती संगणकावर सगळ्यांना पाहायला खुली केली आहेत. सहलीला आपण ज्या लेण्यांच्या दारात डबे उघडून बसलो होतो, त्या लेण्यांच्या खडकावर गंगारामने दिलेल्या सावलीचे पातळ थर मी परवा मोठे करून पाहिले.

त्या वर्गाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. त्याच वर्षी वेल्सही गेला. वर्ग संपला. गंगारामच्या हातातली विद्या त्याच्यापाशीच राहिली, तिची शाळा झाली नाही. एका वकिलाच्या हौसेवर आणि एका चित्रकाराच्या आयुष्यावर उभा असलेला वर्ग त्यांच्याबरोबरच गेला.

पुढची साठ वर्षे ओलांडून मुंबईला येते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले आणि भित्तिचित्रांच्या नकला करून नेत राहिले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे चित्रकलेचे विद्यार्थी मराठवाड्यात दोनदा आले, एकदा वेरूळला आणि एकदा अजिंठ्याला. दोन्ही वेळा ते इथले पाहून, उतरवून घेऊन गेले. इथल्या मुलांना शिकवायला मात्र कोणी आले नव्हते, आणि तो त्यांचा उद्देशही नव्हता.

इतिहासाच्या पुस्तकात जे. जे. म्हटले की मोठ्या चित्रकारांची नावे येतात. ती यायलाच हवीत. कोल्हापूरच्या कोटीतीर्थाच्या काठी बसून निसर्ग रंगवणारे आबालाल रहिमान तिथलेच. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर तिथेच शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. हातात समई घेतलेल्या मुलीचे त्यांचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याचेच मासिकातून कापलेले पान सरांच्या कपाटाच्या दाराला आतून डकवलेले होते. “हे तैलरंग नाहीत, पाणी आहे हे,” असे सर ते दार उघडताना दर वेळी सांगायचे.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची साले मला निराळीच वाटतात. १८७९ मध्ये जे. जे.मध्ये रेखाकला हा शिकवण्याचा विषय झाला, आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करणारा वर्ग तिथे सुरू झाला. त्या वर्षी कोणते महान चित्र निर्माण झाले नाही. झाले ते एक पद. प्रशिक्षण घेतलेला, पगार असलेला, वेळापत्रकात ज्याचा तास आहे असा ‘ड्रॉइंग मास्तर’. पुण्यातला वर्ग माणसे गेली आणि संपला. हा संपला नाही, कारण एक मास्तर निवृत्त झाला की त्या जागी दुसरा येत होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी त्या तासाला शेवट दिला, प्रमाणपत्र दिले, आणि पालकांना सांगता येईल असे एक कारण दिले.

आपल्याकडे हे उशिरा आले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबईकडची शाळेची घडी मग हळूहळू इथे बसत गेली. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. औरंगाबादला कलाशिक्षणाची सोय झाली, आणि खेड्यातली पोरे मुंबई न पाहताही ए.टी.डी. करू लागली. आपले सर त्यांतलेच. गंगेच्या काठच्या गावातले, घरात कुणाच्या हाती कधी ब्रश नसलेले. (‘गंगा’ म्हणजे गोदावरी, हे पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या मंडळींच्या मुलांसाठी लिहिले.)

रंगही तसेच जवळ आले. पूर्वी विलायती डब्या येत. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकरांनी मुंबईत शाईचा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच कॅम्लिन उभी राहिली आणि पुढे रंगांतही उतरली. उंटाचे चित्र असलेली ती बारा वड्यांची पत्र्याची डबी आपल्या बाजारात, वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळू लागली. तीही सगळ्यांना परवडत नव्हती. आपल्या वर्गात दोघांत एक डबी असे, आणि निळी वडी नेहमी आधी संपे, कारण आभाळ मोठे.

वुलिचची अकादमी, शनिवारवाडा, मुंबई, औरंगाबाद आणि आपल्या शाळेमागचे रान अशी ही वाट झाली. दोनशे वर्षांहून जास्त काळ तिला लागला. सरांनी तिच्या टोकाला एक गोष्ट केली. चौकटीतले डोंगर काढून टाकले आणि जागेवर आपले सपाट काळे रान ठेवले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण बाहेरगावी हसून ऐकून घेतो. आपल्या गावात चित्र काढण्याजोगे काही आहे, हे मला पहिल्यांदा सरांनी दाखवले. आजही रेल्वेने येताना मानवत रोड मागे पडले आणि खिडकीत ते रान आले की मी मनात बर्न्ट सायनात निळा मिसळते.

आता देणे.

नववीच्या दुसऱ्या सत्रात आपला गणिताचा पोर्शन मागे पडला होता. मॉनिटर म्हणून मीच सरांकडे गेले आणि शनिवारचा जोडतास गणितासाठी मागितला. पुढच्या वर्षी दहावी, सर, वगैरे सांगितले. सरांनी हातातले ब्रश पुसले, म्हणाले, “घ्या की. मार्क महत्त्वाचे.” तो तास आपल्याला पुन्हा मिळाला नाही, आणि आपण मागितलाही नाही. मला गणितात चांगले मार्क पडले, त्यावर मी इंजिनिअर झाले. तेव्हा मला त्यात काही चुकले असे वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण अर्धीच. काही वर्षांपूर्वी आपण बॅचतर्फे शाळेला संगणक दिले. वर्गणी गोळा करण्यात मी पुढे होते, यंत्रांची यादीही माझीच होती. उद्घाटनाच्या दिवशी खोलीत शिरले, तेव्हा खिडकीवरून ओळखले. ती चित्रकलेची खोली होती. भिंतीच्या पोपड्यांतून रंगांचे शिंतोडे अजून दिसत होते. संगणक ठेवायला दुसरी कोरडी खोली नव्हती, आणि चित्रकलेला तोवर पूर्णवेळ शिक्षकही नव्हता. शाळेला मी दोष देत नाही. आपण विचारले असते तर चार मंडळींनी मिळून काही मार्ग काढला असता. मी विचारले नाही. सरांचा आधी तास घेतला, मग खोलीही घेतली, आणि दोन्ही वेळा टाळ्या मिळाल्या.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभराहून अधिक मुले असतील तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. कायद्याने निदान विषयाची आठवण ठेवली, हे खरे. पण १८९३ मध्ये जे घडले त्याचे मोल ‘पूर्णवेळ’ या शब्दात होते. अर्धवेळ येणारा माणूस तासापुरते शिकवू शकतो; मार्चमध्ये आभाळ किती लवकर वाळते आणि श्रावणात किती उशिरा, हे कळायला त्याला त्या शाळेत काही वर्षे काढावी लागतात.

धोरण बदलणे आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते लिहिते. या वर्षीच्या वर्गणीतून नवी यंत्रे घेऊ नयेत, असे मी सुचवते. पंचवीस ड्रॉइंग बोर्ड, चांगला जाड कागद, दोघांत एक नव्हे तर प्रत्येकाला एक रंगाची डबी, आणि आठवड्यातून दोन तास येणाऱ्या निदेशकाचे मानधन आपण बांधून देऊ शकतो. जागेसाठी व्हरांडाही चालेल. आपला उत्तम तास तर कुंपणाबाहेर झाला होता. जिथे कडब्याची गंजी होती तिथे आता प्लॉट पडले आहेत, पण तीनपैकी एक बाभूळ अजून आहे, मी पाहून आले.

सर मेळाव्याला येणार आहेत असे कळले. त्यांची नजर आता अधू झाली आहे, म्हणून या लेखाचा हा भाग मी त्यांना समोर बसून वाचून दाखवणार आहे. नंतर मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ज्यांना यायचे असेल त्यांनी शाळेमागे यावे. कागद आणि रंग मी आणते. येताना आपापले पाणी आणा. डब्यांतल्या काळ्या वड्या मी आधीच काढून ठेवल्या आहेत.